नाकाचा भरवसा

कारखान्यात तिला सगळे थांबाताई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, पुढे तोंडावरही म्हणू लागले, कारण दिवसभर तिच्या तोंडी तो एकच शब्द असे. शिडी लावायची तर थांबा, वेल्डिंग करायचं तर थांबा, ट्रक मागे घ्यायचा तर थांबा, मागे कोणी उभं आहे का ते आधी बघा. ती तिथली सुरक्षा अधिकारी होती. हुद्दा मोठा, खोली लहान. जिन्याखालच्या ज्या खोलीत पूर्वी झाडू आणि बादल्या ठेवत तिथे तिचं टेबल टाकलं होतं, आणि बादल्याही तिथेच होत्या, कारण त्यांना दुसरी जागा मिळाली नव्हती.

कारखाना गॅसचा. शहरातल्या बाजारांतली सडकी भाजी, पिचकी फळं, खाणावळींचं उष्टं, असं सगळं ट्रक भरभरून तिथे यायचं, मोठमोठ्या बंद टाक्यांत कुजायचं, आणि त्यातून निघालेल्या गॅसवर शहरातल्या बस धावायच्या. कल्पना लाखात एक, हे थांबाताईही कबूल करायची. गावाबाहेरचा कचऱ्याचा डोंगर खाली बसला होता, बसच्या मागचा काळा धूर गेला होता. फाटकावर ‘पुढच्या पिढ्यांसाठी’ अशी भलीमोठी पाटी होती आणि येणारे पाहुणे तिच्याखाली उभे राहून फोटो काढत. थांबाताईचं त्या पाटीशी काही भांडण नव्हतं. पुढच्या पिढ्यांचं भलं कोणाला नको आहे? फक्त आत्ताच्या पिढीने संध्याकाळी आपल्या पायांनी घरी जावं, एवढं आधी बघा, असं तिचं म्हणणं होतं. हे ती इतक्यांदा म्हणाली होती की आता ती तोंड उघडायच्या आधीच लोक मान डोलवायला लागत.

तिच्या कामाची गोची अशी की ते नीट झालं तर काहीच दिसत नाही. सुताराने खुर्ची केली तर खुर्ची दिसते. हिने काम केलं तर काय दिसणार? न पडलेला माणूस, न तुटलेलं बोट. वर्षाच्या शेवटी साहेब विचारायचे, तुमच्या खात्याने यंदा काय केलं, तेव्हा ती सांगायची की काही झालं नाही. आणि साहेब म्हणायचे, तेच तर, काहीच झालं नाही, मग तुम्हाला आणखी माणूस कशाला हवा? तिच्या मुलीला शाळेत विचारलं, आई काय करते, तर पोरगी म्हणाली, “तिच्या कारखान्यात काही होत नाही, ते ती करते.” वर्ग हसला. थांबाताईला मात्र वाटलं, साहेबांपेक्षा पोरीला जास्त कळलं.

आता तो खड्डा. आलेला कचरा आधी एका मोठ्या हौदात भरडून त्याचा रगडा व्हायचा, आणि हौदाच्या शेजारी, जमिनीत खोल, विहिरीसारखी एक सिमेंटची खोली होती, तिच्यात बसवलेला पंप तो रगडा पुढे टाकीत ढकलायचा. वर लोखंडी झाकण, आत उतरायला शिडी. रगड्यातून प्लॅस्टिकची पिशवी किंवा सुतळीचं भेंडोळं आलं की पंप अडकायचा, आणि मग कोणीतरी खाली उतरून तो मोकळा करायचा. हे कोणीतरी म्हणजे फिटर. जिभेला हाड नसलेला, कामाला वाघ, साऱ्या कारखान्याचा लाडका.

अशा खड्ड्यात गॅस साठतो. बसमध्ये भरतात तो नव्हे, त्याचा दुष्ट चुलतभाऊ. सडक्या अंड्यांच्या वासाचा. थोडा असला तर नाकात घाण भरते. जास्त असला तर तो आधी नाकालाच मारतो, वास येणं बंद होतं, आणि मग माणसाला मारतो. माणूस ओरडतसुद्धा नाही. शिडीवरून नुसता खाली बसतो. त्याला काय झालं हे बघायला दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. एकाच खड्ड्यात अशी ओळीने गेलेली माणसं थांबाताईने वेगवेगळ्या देशांतल्या अहवालांत वाचली होती, आणि ती एकदा वाचली की डोक्यातून जात नाहीत. इथेही वर्षाच्या सुरुवातीला फिटर खाली काम करता करता भोवळ आल्यासारखा वर आला, झाकणापाशीच आडवा झाला, आणि अर्ध्या तासाने चहा पिऊन पुन्हा कामाला लागला. ऊन लागलं, असं ठरलं. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं.

म्हणून तिचं एकच मागणं होतं. माणसाला खड्ड्यात उतरावंच लागू नये. पंपाला साखळी लावा, वर कप्पी बसवा, पंपच ओढून वर घ्या. आकृती काढून दिली होती. ती पुढच्या वर्षी करू म्हणाले. पुढच्या वर्षी पुढच्या वर्षी म्हणाले. बरं, तोवर निदान हवा खेळवणारा पंखा चोवीस तास चालू ठेवा आणि मीटर खाली सोडून गॅस मोजल्याशिवाय कोणाला उतरवू नका, असं तिने सांगितलं. पंखा बसवला. मीटरही आणलं.

पण कारखान्यात एक हरित समिती होती. कारखाना पृथ्वीला वाचवणारा, मग तो वीज कशी वाया घालवणार? समितीने दिवे बदलले, नळ बदलले, आणि एक दिवस त्यांचं लक्ष त्या पंख्याकडे गेलं. रिकाम्या खड्ड्यात, कोणी नसताना, रात्रंदिवस पंखा? त्याला घड्याळ बसवलं. आता तो अधूनमधून, आपल्या लहरीने फिरल्यासारखा फिरायचा. वीज वाचली म्हणून साहेबांना प्रशस्तिपत्रक मिळालं आणि ते चौकट करून लावलं. थांबाताईने बैठकीत सांगितलं की गॅस घड्याळ बघून साठत नाही. साहेब म्हणाले की त्यांना तिची तळमळ समजते. तळमळ समजते असं साहेब म्हणाले की काम होणार नाही, हे तिथे शिपायालाही माहीत होतं.

मीटरचं नशीब वेगळं. ते जरा कुठे गॅस लागला की किंचाळायचं. खड्डाच कचऱ्याचा, थोडा गॅस कायमचाच; मग बाहेर ट्रकची रांग, रगडा हौदातून वर येतोय, आगारातून गॅस कुठे अडला म्हणून फोन, आणि हे पठ्ठं आपलं किंचाळतंय. लोक वैतागले. शेवटी ते महागाचं यंत्र खराब होऊ नये म्हणून साहेबांच्या खोलीबाहेरच्या काचेच्या कपाटात ठेवलं, आणि पाहुणे आले की ते त्यांना दाखवलं जायचं.

खड्ड्यावर मग राज्य चालायचं ते मामांच्या नाकाचं.

मामा म्हणजे थांबाताईचा सख्खा मामा. ती म्हणायची म्हणून सारा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. आयुष्य त्यांनी आधी सांडपाण्याच्या कामावर आणि मग इथे काढलेलं. घाणीचे जेवढे म्हणून वास असतात तेवढे त्यांना पाठ. झाकण उघडलं की मामा गुडघ्यावर बसायचे, टोपी काढून बाजूला ठेवायचे, वाकून एक दीर्घ श्वास घ्यायचे, क्षणभर डोळे मिटायचे, आणि म्हणायचे, “उतरा.” किंवा म्हणायचे, “जरा दम धरा.” मोठ्यामोठ्या माणसांच्या सहीला नसेल एवढी किंमत त्या ‘उतरा’ला होती. नवा माणूस कामाला लागला की त्याला आधी मामांचं नाक दाखवत. वास गेला म्हणजे गॅस गेला, हे तिथलं शास्त्र, आणि मामा त्याचे शास्त्री.

थांबाताईने सगळ्यांना एकत्र बसवून शिकवलं होतं, की हे शास्त्र उलटं आहे, वास गेला म्हणजे कधीकधी नाक गेलेलं असतं. फिटर मागून म्हणाला, “म्हणजे ताई, वास आला तर धोका, आणि नाही आला तर जास्त धोका. मग माणसाने श्वास घ्यायचा की सोडून द्यायचा?” हशा पिकला. मामाही हसले. आपलीच भाची, आपल्यासमोर उभी राहून आपलंच नाक कापतेय, याचा राग त्यांनी हसण्यात घालवला. पण संध्याकाळी मामीला म्हणाले, शिकवलं आपण, आणि अक्कलही आपल्यालाच. त्यात खोटं काही नव्हतं. वडील लवकर गेल्यावर ती मामाच्याच घरी वाढली, मामानेच तिला इंजिनीअर केलं. कारखान्यात ती त्यांना तुम्ही म्हणायची आणि घरी तू. त्या दोन शब्दांच्या मधे तिची अशी कोंडी झाली होती की विचारू नका.

एका रविवारी ती मामाकडे गेली. जिना चढतानाच करपलेल्या दुधाचा वास नाकात शिरला. मजल्यागणिक वाढत गेला. वरच्या दाराशी तर धूरच होता. दार उघडं, मामी शेजारी गेलेली, आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, ओट्यापासून दोन हातांवर, मामा आरामात पेपर वाचत बसलेला.

“ये गं,” मामा म्हणाला. “चहा टाकू?”

तिने आत जाऊन शेगडी बंद केली. पातेलं काळंठिक्कर पडलं होतं. खिडक्या उघडताना तिच्या डोळ्यांपुढे दूध नव्हतं, तो खड्डा होता. मामी धावत आली, पातेल्याकडे बघितलं, भाचीकडे बघितलं, आणि पदराने डोळे पुसत हळूच म्हणाली की हे बरेच दिवस असंच चाललंय. मागे मोठी सर्दी झाली, ती जाताना नाकही घेऊन गेली. की त्याच्याही आधीच गेलं होतं कोण जाणे. अत्तराची बाटली फुटली तरी कळलं नाही. कोणाला सांगू नकोस, यांनी मला शपथ घातलीय, असं मामी म्हणाली.

थांबाताई बाहेर आली आणि मामासमोर बसली.

“मामा, तुला वास येत नाही.”

“कोण म्हणतं?”

“दूध म्हणतंय.”

मामाने पेपरची घडी घातली, मग ती घडी पुन्हा घातली. घरातले वास वेगळे, खड्ड्यातला वेगळा, तो आपल्याला येतो, असं काहीबाही सांगून बघितलं. तिने ऐकून घेतलं. मग मामा तापला. एवढी वर्षं आपण माणसं उतरवतोय, आपल्या हाताखाली कोण गेलं ते एक तरी नाव सांग, म्हणाला. थांबाताईकडे नाव नव्हतं. काही झालं नाही, हा जो पुरावा तिच्या बाजूने कधीच कोणी धरला नव्हता, तोच मामा आपल्या बाजूने टाकत होता. तिला रडू यायच्या ऐवजी संताप आला.

“नाक गेलं म्हटलं की उद्यापासून मला फाटकावर ट्रक मोजायला बसवतील,” मामा शेवटी खाली बघत म्हणाला.

“ट्रक मोजलेले बरे, मामा. माणसं मोजायची पाळी नको.”

“सांग जा कुठे सांगायचंय ते. तुझं कोण ऐकतं ते मलाही बघायचंय.”

सोमवारी ती साहेबांच्या खोलीत उभी राहिली आणि सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकलं. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले की मामांची इतक्या वर्षांची कामगिरी निष्कलंक आहे, आणि एका नासलेल्या दुधावरून ते कोणाला कामावरून दूर करू शकत नाहीत. दूध नासलं नाही, करपलंय, आणि प्रश्न दुधाचा नाहीच, असं ती म्हणाली. साहेब म्हणाले, मामा-भाचीचं काही असेल तर ते घरी मिटवावं. तिने मीटरची किल्ली मागितली. किल्ली भांडारप्रमुखाकडे, भांडारप्रमुख रजेवर. पंख्याचं घड्याळ काढायचं तर ते समितीकडे, आणि समितीची बैठक पुढच्या महिन्यात. ती बाहेर आली. काचेच्या कपाटात, मखमलीच्या तुकड्यावर, मीटर मजेत पडलं होतं.

दुपारी पंप अडकला.

बातमी तिच्यापर्यंत पोचली तेव्हा ट्रकची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेली होती. ती धावली, आणि धावता धावताच तिला कळत होतं की आपण जाऊन ‘थांबा’ म्हणणार, आणि ते रोजच्यासारखं हवेत विरणार. वाटेत हात धुवायच्या जागी फिनाइलची बाटली होती. तिने रुमाल काढला, त्यावर बाटली उपडी केली आणि मुठीत गच्च धरला. मग वाट वाकडी करून कपाटाकडे गेली, कोपराने काच फोडली, आणि मीटर उचललं. एवढ्या वर्षांत नियम मोडायची तिची ती पहिली वेळ.

खड्ड्यापाशी घोळका होता. झाकण उघडलेलं, मामा गुडघ्यावर, टोपी बाजूला. फिटरने कमरेला दोर बांधला होता आणि एक पाय शिडीवर ठेवला होता. मामांनी वाकून श्वास घेतला, डोळे मिटले. भाची आलेली त्यांना दिसली होती.

“उतरा,” मामा म्हणाले.

“थांबा,” ती म्हणाली. कोणी मागे वळूनही बघितलं नाही. मीटर खाली सोडलं असतं तर ते किंचाळलं असतं, आणि त्याचं किंचाळणं आता कोणाच्याही कानाला लागत नव्हतं. या माणसांचा विश्वास एकाच गोष्टीवर होता. ती मामांच्या शेजारी बसली आणि मूठ त्यांच्या तोंडासमोर धरली.

“मामा, पुन्हा डोळे मिटा. माझ्या हातात काय आहे ते वासावरून सांगा.”

फिनाइलचा भपका सगळ्या घोळक्यात पसरला होता. मागच्या रांगेतला एकजण शिंकला. दोघांनी नाकाला हात लावला. सगळे मामांकडे बघत होते. मामांनी श्वास घेतला, पुन्हा एकदा घेतला. त्यांचा चेहरा आधी मग्रूर होता, मग नुसता म्हातारा झाला.

“काही नाही,” मामा म्हणाले. “हातात काही नाही तुझ्या.”

फिटरने शिडीवरचा पाय काढून घेतला.

मग तिने दोरीला बांधून मीटर खाली सोडलं. ते अर्ध्यावर जायच्या आतच असं ओरडू लागलं, जसं पूर्वी कधी ओरडलं नव्हतं, आणि वर ओढल्यावर त्यावर जो आकडा दिसला तो बघून तिने तो कोणाला वाचून दाखवला नाही. फिटरला तेवढा दाखवला. तो नंतर बराच वेळ भिंतीला टेकून बसून होता, आणि त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही. मामांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली आणि कोणाशी न बोलता फाटकाकडे चालू लागले. वाट करून द्यायला लोक बाजूला झाले. भाचीच्या जिवाला तेव्हा जे झालं ते तिलाच ठाऊक. माणूस वाचला होता, आणि तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

आता तरी डोळे उघडतील, असं कोणालाही वाटेल. तिलाही वाटलं. चौकशी समिती बसली. समितीने खोलात जाऊन विचार केला आणि निष्कर्ष काढला की दोष नाकाचा होता: नाक जुनं झालं होतं आणि वेळेवर बदललं गेलं नाही. यापुढे वास घेणाऱ्या व्यक्तीच्या नाकाची दरवर्षी तपासणी व्हावी आणि ही जबाबदारी तरुण, सक्षम नाकाकडे द्यावी. थांबाताईला आधी वाटलं, कोणीतरी थट्टा करतंय. तिने पंख्याचं विचारलं. तो विषय दुसऱ्या समितीचा. कप्पीचं विचारलं, पुढच्या वर्षी. मीटर नवी काच बसवून पुन्हा कपाटात गेलं, आणि काचेबद्दल तिच्याकडून खुलासा मागवला. मामांना फाटकावर ट्रक मोजायला बसवलं. ती आत येताना मामा रोज दुसरीकडे बघत. घरी गेली तर झोपल्याचं सोंग घेत. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, असं तिला वाटायचं, फक्त या फुफाट्यात ती एकटीच होती.

यावर कडी झाली ती पुढच्या वेळी पंप अडकला तेव्हा. फिटर स्वतः तिच्या जिन्याखालच्या खोलीत आला. मोठ्या आदराने आला.

“ताई, चला,” तो म्हणाला. “आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. आता नाक तुमचं.”

तिला कळेना. तर तो सांगू लागला की मामांचं नाक गेलेलं तिनेच ओळखलं, जिन्याच्या पायरीवर तिला दूध कळलं होतं, म्हणजे तिच्याइतकं तेज नाक कारखान्यात दुसरं नाही. साहेबांचीही हरकत नव्हती. साहेब तर म्हणाले होते, वा, सुरक्षा अधिकारीच वास घेणार, याहून सुरक्षित काय असेल?

ती निघाली. काय करावं ते तिला सुचत नव्हतं. पुन्हा एकदा भाषण करावं? तळमळ समजते म्हणतील. मीटर आणू म्हणावं? आणू, म्हणतील, पण आधी तुम्ही जरा वास घ्या. म्हणजे आज ना उद्या, कधीतरी सर्दीच्या दिवशी, तीच ‘उतरा’ म्हणणार, आणि ज्याला वाचवलं तोच फिटर तिच्या शब्दावर उतरणार. झाकण उघडलं. सगळे तिच्याकडे आशेने बघत उभे राहिले. ती गुडघ्यावर बसली, वाकली. सडक्या अंड्यांचा भपकारा थेट तोंडावर आला.

ती सरळ झाली. चेहऱ्यावरची रेष हलू न देता म्हणाली, “वास येत नाही.”

“म्हणजे उतरू?”

“नाही. मला कशाचाच वास येत नाही. मामांसारखंच झालंय. आमच्या घराण्यातच आहे ते.”

फिटर बघत राहिला. मग तिचीच विद्या त्याने तिच्यावर वापरली. गेला, चिंधी फिनाइलमध्ये बुडवून घेऊन आला, आणि तिला डोळे मिटायला लावून नाकाशी धरली. तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं ते तिने मिटल्या पापण्यांआड कसंबसं थोपवलं. काय आहे, त्याने विचारलं. ती म्हणाली, कापूस?

घोळक्यात चुळबुळ झाली. एक म्हणाला, तू घे वास. तो म्हणाला, मी का, तू घे. मामांचं गेलं, ताईंचं गेलं, आता आपलं तरी शाबूत आहे की नाही कोण सांगणार, असं ज्याचं त्याला वाटायला लागलं. आपल्याच नाकाला हात लावून लोक एकमेकांकडे बघू लागले. बाहेर ट्रक भोंगे वाजवत होते. शेवटी फिटरच उठला, साहेबांकडे गेला, आणि म्हणाला की पंखा चालू केल्याशिवाय आणि ते ओरडणारं यंत्र गप्प बसल्याशिवाय यापुढे कोणी उतरणार नाही, कारण कारखान्यात एकही भरवशाचं नाक उरलेलं नाही. पंख्याचं घड्याळ संध्याकाळच्या आत निघालं. जे तिला अहवालांनी, आकृत्यांनी, बैठकांनी आणि बोलून बोलून घसा बसवून जमलं नव्हतं, ते एका थापेने झालं.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. खरं बोलायची नोकरी असलेल्या बाईला खोटं बोलून यश यावं, याची चीड तिच्या मनातून जाईना.

काही दिवसांनी, रविवारी, मामी म्हणाली म्हणून ती पुन्हा मामाकडे गेली. आज मामाला सोंग घेता आलं नाही, कारण फिटर आलेला होता. मामांना भेटायला तो अधूनमधून यायचा. तिघं बसले. बोलणं फिटर करत होता, मामा त्याच्याशीच बोलत होता. मामीने दूध ठेवलं आणि गच्चीवर कपडे काढायला गेली.

वास सगळ्यात आधी तिला आला. दूध लागायला लागलं होतं. ती उठणार, एवढ्यात तिच्या लक्षात आलं की फिटर बोलायचा थांबलाय. त्यालाही वास आला होता, आणि तो तिच्याकडे बघत होता. तिने समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर नजर लावली. वास वाढला. तिने मुठी आवळल्या. धूर दारातून बाहेर डोकवायला लागला, तेव्हा फिटर स्वतःच उठून आत पळाला आणि तिने शेगडी बंद झाल्याचा आवाज ऐकला.

मामा तिच्याकडे बघत होता. कितीतरी दिवसांनी नीट बघत होता.

“तुला येतोय वास,” तो हळू आवाजात म्हणाला.

“नाही.”

“लहानपणापासून बघतोय. खोटं बोललीस की कान लाल होतात तुझे.”

तिचा हात आपसूक कानाकडे गेला. मामाने तोंड उघडलं की सगळं धुळीला मिळणार होतं: पंखा, मीटर, फिटर. आणि मामाला तसं करायचा हक्क आहे, असंही तिला वाटत होतं. फिटर काळं पातेलं चिमट्यात धरून दारात आला. तिच्याकडे संशयाने बघत म्हणाला, “ताई, खरंच काही कळलं नाही?”

मामा उठला. त्याच्या हातातलं पातेलं घेतलं.

“तिला काय विचारतोस,” तो म्हणाला. “आमच्या आईचंही असंच होतं. चार घरं जळली असती तरी तिला कळलं नसतं. घराण्यातच आहे ते. या घरातल्या कोणाच्या नाकावर विसंबू नकोस, आणि बाहेरच्याही नको.”

फिटरने मान डोलावली. मग म्हणाला, “म्हणजे तो पंखा आता बंद करायचा नाहीच.”

“नाहीच,” मामा म्हणाला, आणि पातेलं भाचीच्या हातात दिलं.

आजीचं नाक इतकं तिखट होतं की अंगणातून तिला शेजारच्यांची भाजी खारट झालेली कळायची, हे थांबाताईला पक्कं आठवत होतं. ती मोरीत जाऊन बसली. नळ सोडला आणि पातेलं घासायला लागली. बाहेर मामा फिटरला चहा घेऊनच जा म्हणत होता. कप्पी अजून पुढच्याच वर्षी येणार होती. ती घासत राहिली, जोर लावून, दात आवळून, आणि बुडाशी बसलेलं ते काळं काही केल्या निघत नव्हतं.